हलक्यात काढलेल्या गाड्या

शनिवार सकाळ आहे, दुसरा चहा झालाय आणि आज जरा भांडायचा मूड आहे. कोणाशी? तर ‘अमेरिकेतल्या आजवरच्या सगळ्यात भंगार गाड्या’ छापाच्या याद्या काढून त्यावर खिदळणाऱ्या मंडळींशी. आणि त्याच गाड्या आठवून गहिवरणाऱ्या मंडळींशीसुद्धा. हो, दोघांशीही.

याद्यांमधली नावं ठरलेली असतात. फोर्डची पिंटो, शेव्हरोलेची व्हेगा आणि शेव्हेट, एएमसीची ग्रेमलिन, कॅडिलॅकची सिमरॉन. सगळ्या १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या, आणि सगळ्या छोट्या. (अमेरिकन मापाने छोट्या बरं का.) पिंटो पेटायची, व्हेगा गंजायची, ग्रेमलिन मागून कुऱ्हाडीने तोडल्यासारखी दिसायची. हसून झालं की पुढची गाडी. दुसरा गट जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत भेटतो. तिथे पन्नास वर्षांची व्हेगा नवा रंग मारून उभी असते आणि ‘काय दिवस होते ते’ चालू असतं.

मला ह्या दोन्हींचा वैताग येतो, कारण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, ह्या गाड्या वाईट निघाल्या हा एक गमतीदार अपघात होता. सत्तरचं दशक, बेलबॉटम, डिस्को आणि भंगार गाड्या, सगळं एका माळेत. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. त्या गाड्या चुकून वाईट झालेल्या नाहीत. ज्या गिऱ्हाइकासाठी त्या बनत होत्या त्याला बनवणाऱ्यांनी हलक्यात काढलं होतं, आणि गाडीत तेच उतरलं.

आता पुरावे.

डेट्रॉईटमध्ये एक हिशेब पक्का होता, छोटी गाडी म्हणजे छोटा नफा. हिशेब म्हणून तो चूकही नव्हता. छोट्या गाडीला पत्रा थोडा कमी लागतो, पण दार बसवायला तितकीच माणसं आणि जवळजवळ तितकाच वेळ लागतो. विकताना किंमत मात्र मोठ्या गाडीच्या मानाने खूपच कमी. त्यात जनरल मोटर्सचा तो प्रसिद्ध जिना. आल्फ्रेड स्लोनच्या काळापासून जीएमने गिऱ्हाइकासाठी पायऱ्या बांधून ठेवल्या होत्या. पहिली नोकरी लागली की शेव्हरोले घ्या, मग पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक, आणि साहेब झालात की कॅडिलॅक. माणूस जन्मभर वर चढत राहणार आणि कंपनी दर पायरीला त्याच्या खिशात हात घालणार. पण साठच्या दशकात फोक्सवॅगनची बीटल अमेरिकेत लाखांनी खपायला लागली आणि पंचाईत झाली. जिन्याच्या पहिल्या पायरीच्याही खाली काहीतरी ठेवणं भाग पडलं. आता पहिल्या पायरीच्या खाली काय असतं? पायपुसणं.

व्हेगा आणि पिंटो ही ती पायपुसणी. दोन्ही गाड्या सप्टेंबर १९७० मध्ये बाजारात आल्या.

आधी व्हेगा घ्या. ही गाडी शेव्हरोलेच्या नावाने विकली गेली, पण शेव्हरोलेच्या इंजिनिअरांनी ती आखली नव्हती. जीएमच्या मध्यवर्ती इंजिनिअरिंग विभागाने आखली आणि वरून ह्यांच्या हातात दिली. त्या वेळी शेव्हरोलेचा प्रमुख होता जॉन डीलॉरियन. त्याच्या आठवणींवर बेतलेलं एक पुस्तक १९७९ मध्ये आलं. त्यात तो सांगतो की पहिला नमुना चाचणीच्या ट्रॅकवर आला आणि आठ मैलांत गाडीचं तोंड तुटून बाजूला झालं. वरच्यांनी बनवलेलं स्पेक, खालच्यांच्या गळ्यात, आणि डेडलाईन आधीच जाहीर. ओळखीचं वाटतंय ना? :-)

इंजिन म्हणाल तर कागदावर भारी होतं. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, आणि सिलिंडरच्या आत लोखंडी लायनर नाहीत. मिश्रधातूत सिलिकॉन जास्त घालून, बोअरवर रासायनिक प्रक्रिया करून सिलिकॉनचे कण वर आणायचे आणि पिस्टन त्यावर पळवायचे, अशी कल्पना. डोकं मात्र बिडाचं. म्हणजे खाली अ‍ॅल्युमिनियम, वर बीड, तापल्यावर दोघं वेगवेगळ्या मापाने फुगणार. त्यात गाडीला पाणी थंड ठेवायची सोय तुटपुंजी. इंजिन एकदा तापलं की ब्लॉक वाकायचा, हेड गॅसकेट जायचं, पाणी सिलिंडरमध्ये उतरायचं, बोअरला चरे पडायचे, आणि मग गाडी पेट्रोलच्या जोडीला ऑईलही प्यायला लागायची. आपल्याकडचा कुठलाही मेकॅनिक हे ऐकून ‘इंजिन खोलावं लागेल’ एवढंच म्हणेल.

आणि गंज! अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी चाकावरून उडून पुढच्या मडगार्डच्या आत बसतं. म्हणून तिथे आत एक अस्तर लागतं. व्हेगात ते खर्च वाचवायला वगळलं होतं आणि ते आलं १९७४ च्या सुमारास. गंजरोधक द्रवात आख्खी बॉडी बुडवायची पद्धत होती, पण नेमक्या त्याच जागी हवेचा बुडबुडा अडकून द्रव पोचतच नव्हता. काही वर्षांतच मडगार्डला भोकं पडायची.

आता तुम्ही म्हणाल, असेल बुवा, तंत्रज्ञान तेवढं पुढे गेलेलं नसेल. थांबा. ह्याच व्हेगाची दुसरी एक गोष्ट सांगतो, मग बोला.

व्हेगा ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात बनायची आणि रेल्वेने देशभर जायची. नेहमीच्या रेल्वे डब्यात अठरा गाड्या मावायच्या. जीएमने सदर्न पॅसिफिक रेल्वेबरोबर मिळून ‘व्हर्ट-ए-पॅक’ नावाचा खास डबा बनवला. त्यात गाड्या उभ्या टांगायच्या, नाक खाली आणि शेपूट वर, अशा तीस गाड्या एका डब्यात. आता गाडी नाकावर उभी केली तर ऑईल, पाणी, बॅटरीतलं अ‍ॅसिड सगळं सांडणार. मग इंजिनिअरांनी काय केलं? इंजिनात ऑईल अडवायला खास पडदा घातला. बॅटरीची झाकणं मागच्या कडेला नेली. काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी बसवली. गाडी पोचल्यावर उतरवली की ऑईल न काढता, न भरता सरळ चालू. मला विचाराल तर शंभर नंबरी इंजिनिअरिंग.

म्हणजे डोकं होतं, पैसा होता, माणसं होती. गाडी डीलरपर्यंत पोचायचा खर्च वाचवायचा असेल तर बॅटरीच्या झाकणाचासुद्धा विचार होत होता. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात चार पावसाळे टिकावी म्हणून मडगार्डला अस्तर मात्र परवडत नव्हतं. आकलेचा दुष्काळ नव्हता हो, अक्कल कुठे लावायची ते ठरलेलं होतं. आणि ह्याच गाडीला ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने १९७१ ची ‘कार ऑफ द इयर’ ठरवलं होतं. असो.

आता पिंटो. ली आयाकोकाचा हुकूम होता की वजन २००० पौंडांच्या आत आणि किंमत २००० डॉलरच्या आत. नेहमी साडेतीन वर्षं लागणारं काम सुमारे २५ महिन्यांत उरकलं. पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सल आणि बंपर यांच्या मधे. मागून जोरात ठोकर बसली की टाकी पुढे ढकलली जाऊन डिफरन्शियलच्या बोल्टांवर आपटायची, पेट्रोल भरायची नळी टाकीतून निसटायची, आणि पुढचं सांगायला नको. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात अशाच अपघातात गाडी चालवणारी बाई मेली आणि शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. १९७८ मध्ये ज्युरीने फोर्डला १२.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. त्याच वर्षी फोर्डने पिंटो आणि तिची जुळी बहीण मर्क्युरी बॉबकॅट मिळून सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. दुरुस्ती काय? एक प्लॅस्टिकची ढाल आणि थोडी लांब नळी. बस्स.

इथे मला यादीवाल्यांशीच नाही, संतापणाऱ्यांशीही भांडायचं आहे. पिंटो म्हटली की सगळे एका मेमोचा दाखला देतात. ‘माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर, दुरुस्ती गाडीमागे ११ डॉलर, म्हणून फोर्डने माणसं जळू दिली.’ तो मेमो १९७३ चा. तो खरा आहे. पण तो पिंटोबद्दल नव्हता आणि मागून बसणाऱ्या ठोकरीबद्दलही नव्हता. गाडी उलटल्यावर होणाऱ्या पेट्रोलगळतीच्या एका प्रस्तावित नियमावर सरकारकडे पाठवलेला तो हिशेब होता, सगळ्या मिळून सव्वा कोटी मोटारी आणि हलक्या ट्रकांचा. दोन लाखांचा आकडाही सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्याच आकड्यावरून घेतलेला. गॅरी श्वार्ट्झ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९१ मध्ये हे सगळं नीट उलगडून दाखवलं.

मग काय, फोर्ड निर्दोष? अजिबात नाही. मेमोची दंतकथा आपल्याला आवडते कारण तिच्यात खलनायक आहे. एक दुष्ट साहेब सिगार ओढत बसलाय आणि प्रेतं मोजतोय. खरी गोष्ट त्याहून भीतीदायक आहे, कारण तिच्यात आपल्यासारखी माणसं आहेत. डेनिस जोइया हा इंजिनिअरिंग आणि एमबीए केलेला तरुण १९७२ मध्ये फोर्डमध्ये लागला आणि वर्षभरात ‘रिकॉल’ विभागाचा समन्वयक झाला. पिंटोच्या फायली त्याच्या टेबलावर आल्या होत्या. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘परत बोलावू नये’ असंच मत दिलं. पुढे तो व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला आणि १९९२ मध्ये त्याने ह्यावर प्रांजळ लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की ढिगाने तक्रारी येतात, त्यातून काय उचलायचं ह्याची डोक्यात एक ठरीव पटकथा तयार होते, आणि त्या पटकथेत पिंटो बसलीच नाही. त्याच्याकडे स्वतःची पिंटो होती, आणि ती त्याने पुढे आपल्या बहिणीला विकली! हा माणूस राक्षस होता का? नाही. त्याच्या समोरच्या फॉर्ममध्ये ‘ही गाडी कोण चालवतं’ असा रकानाच नव्हता.

ग्रेमलिनला मात्र मी जवळजवळ निर्दोष सोडतो. एएमसी ही चौथ्या नंबरची, पैशाने तंग असलेली कंपनी. नवी गाडी बनवायला पैसे नाहीत म्हणून त्यांनी आपली हॉर्नेट गाडी मागून कापली. डिझायनर रिचर्ड टीगने पहिलं चित्र म्हणे विमानातल्या उलटीच्या पिशवीवर काढलं होतं. गाडी बाजारात आणली १ एप्रिल १९७० ला, म्हणजे विनोदबुद्धी जागी होती. सगळ्यात स्वस्त मॉडेलला मागची सीटच नव्हती, किंमत १८७९ डॉलर. हा उघड उघड जुगाड आहे आणि जुगाड म्हणूनच विकला. गरिबाने गरिबासाठी काढलेली वाट आणि श्रीमंताने गरिबाच्या तोंडावर फेकलेली वस्तू, ह्यात फरक आहे की नाही?

आता नेहमीच्या सबबी एकेक करून बघू.

पहिली सबब: कामगार माजले होते. युनियन, संप, दारू पिऊन कामावर येणं. लॉर्ड्सटाउन हे ह्याचं आवडतं उदाहरण. तिथे असेंब्ली लाईन तासाला साठच्या जागी शंभर गाड्या काढायची. म्हणजे एका माणसाला एका गाडीमागे ३६ सेकंद. छत्तीस सेकंद! तेवढ्यात आपला लॅपटॉप झोपेतून उठत नाही. कामगारांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयाची पोरं, त्यातली कित्येक व्हिएतनामहून परतलेली. १९७१ मध्ये नवं व्यवस्थापन आलं, शेकडो माणसं कमी केली, त्यांचं काम उरलेल्यांवर टाकलं. मार्च १९७२ मध्ये संप झाला, सुमारे तीन आठवडे. पेपरांनी लिहिलं, आजची तरुण पिढी आळशी आहे.

बरं, आळशी तर आळशी. मग ह्याचं उत्तर द्या. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जीएमचा एक कारखाना होता, अख्ख्या कंपनीत बदनाम. गैरहजेरी इतकी की काही सकाळी लाईन चालू करायला माणसं पुरायची नाहीत. १९८२ मध्ये जीएमने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच उघडला, नाव ‘नुम्मी’. तीच इमारत, तीच युनियन आणि बहुतांश तेच कामगार. त्यातल्या काहींना जपानला टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवलं. गाडी बनवायला घेतली शेव्हरोले नोव्हा, जी आतून टोयोटा कोरोला होती. दोन वर्षांत ह्या ‘माजलेल्या’ माणसांच्या गाड्या दर्जात जपानमधल्या कोरोलाच्या बरोबरीला आल्या.

बदललं काय? एक दोरी. लाईनच्या बाजूने टांगलेली दोरी, जिला अँडन म्हणतात. काही चुकलं तर कुठल्याही कामगाराने ती ओढायची, मदत येणार, आणि वेळेत सुटलं नाही तर लाईन थांबणार. जीएमच्या जुन्या पद्धतीत लाईन थांबवणं म्हणजे महापाप. चुकीचा भाग लागला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी आवारात दुरुस्त करू. आपल्या धंद्यात ह्याला ‘आत्ता रिलीज करा, बग नंतर बघू’ म्हणतात. त्या दोरीचा अर्थ एवढाच होता की तुझं मत महत्त्वाचं आहे, आणि ही गाडी घेणारा माणूसही. ओहायोतही तेच. १९८२ च्या नोव्हेंबरात होंडाने मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला सुरुवात केली. लॉर्ड्सटाउन ज्या राज्यात, त्याच राज्यात, ओहायोच्याच माणसांकडून. त्या गाड्या कोणी भंगाराच्या यादीत टाकत नाही.

दुसरी सबब: स्वस्त गाडी म्हटल्यावर असंच असणार. ही सबब निदान आपण तरी ऐकून घेऊ नये. मारुती ८०० आपल्या डोळ्यांसमोर तीस वर्षं धावली. साधी, हलकी, पत्रा पातळ, पण सकाळी किल्ली फिरवली की चालू. स्वस्त म्हणजे कमी वस्तू देणं, आणि ते प्रामाणिक असू शकतं. वाईट म्हणजे दिलेली वस्तू खोटी असणं. बीटल स्वस्त होती, सिव्हिक स्वस्त होती. सुरुवातीच्या सिव्हिकही मिठाच्या रस्त्यांवर गंजल्या, हे खरं. पण होंडाने ते पुढच्या गाड्यांत सुधारलं, कारण होंडाकडे अमेरिकेत विकायला दुसरी मोठी गाडीच नव्हती. छोट्या गाडीचं गिऱ्हाईक हेच त्यांचं एकमेव गिऱ्हाईक, त्यामुळे त्याला हलक्यात काढायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

तिसरी सबब: वेळच मिळाला नाही. १९७३ चं तेलसंकट आलं, सरकारी नियम आले, जपानी आले, बिचारे काय करणार! अहो, वेळ मागितला आणि मिळालासुद्धा. १९८१ पासून जपानने अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांवर ‘स्वेच्छेने’ मर्यादा घातली, वर्षाला १६ लाख ८० हजार. ह्या सवलतीत डेट्रॉईटने बक्कळ नफा कमावला. आणि छोटी गाडी? १९८१ मध्येच जीएमने कॅडिलॅक सिमरॉन आणली. शेव्हरोले कॅव्हेलियर ही साधी छोटी गाडी घ्या, आत चामड्याच्या सीट टाका, पुढे कॅडिलॅकचं चिन्ह लावा, आणि १२ हजार डॉलरला विका. इंजिन तेच, चार सिलिंडरचं, ८८ हॉर्सपॉवर. म्हणजे आधी छोट्या गिऱ्हाइकाला फसवत होते, आता जिना चढून वर गेलेल्यालाही फसवायला लागले. सवय एका मजल्यावर थांबत नाही.

आणि जमत नव्हतं असंही नाही. १९९० मध्ये जीएमनेच टेनेसीत सॅटर्न ही वेगळी कंपनी उभी करून छोटी गाडी काढली. वेगळा कारखाना, कामगारांना निर्णयात जागा, दुकानात घासाघीस नाही. लोकांनी डोक्यावर घेतली. मग मुख्य कंपनीने तिला दशकभर जवळजवळ त्याच एका गाडीवर ठेवलं, नवं काही द्यायला हात आखडला, आणि २०१० मध्ये दुकान बंद केलं.

‘अहो, पण हे सगळं जुनं झालं’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा पुरावा. त्याच लॉर्ड्सटाउनमध्ये व्हेगानंतर कॅव्हेलियर बनली आणि तिच्यानंतर २००४ पासून कोबाल्ट. पुन्हा छोटी, स्वस्त, पहिली गाडी म्हणून घेतली जाणारी. तिच्या किल्लीचा स्विच ढिला होता. किल्लीच्या जुडग्याला ओझं असलं किंवा गुडघा लागला तर चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. स्विच एक डॉलरच्या आसपासचा. तक्रारी अगदी सुरुवातीपासून होत्या. कंपनीने त्या ‘गिऱ्हाइकाची सोय’ ह्या खात्यात टाकल्या, सुरक्षा ह्या खात्यात नाही. डीलरांना सांगितलं की गिऱ्हाइकाला जुडग्यातलं ओझं कमी करायला सांगा! आणि आता आपल्या लोकांनी नीट वाचा. २००६ मध्ये त्या स्विचचं डिझाईन गुपचूप सुधारलं, पण पार्ट नंबर बदलला नाही. व्हर्जन न वाढवता थेट प्रॉडक्शनमध्ये फिक्स! त्यामुळे पुढे वर्षानुवर्षं तपास करणाऱ्यांना कळेना की जुन्या गाड्या बिघडतात आणि नव्या का नाहीत. २०१४ मध्ये कोबाल्ट आणि तिच्या बहिणी मिळून जगभरात सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. मेलेल्यांत तरुण पोरंपोरी बरीच होती, कारण पहिली गाडी कोण घेतं?

१९७० ते २०१४. त्यात बेलबॉटम गेले, डिस्को गेला, कॉम्प्युटर आले, डिझाईन सॉफ्टवेअर आलं. एक गोष्ट टिकली, ह्या गाडीत बसणारा माणूस आपलं खरं गिऱ्हाईक नाही ही समजूत.

आणि शेवट काय झाला? एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत सेडान गाड्या बंद करणार. मार्च २०१९ मध्ये लॉर्ड्सटाउनमधून शेवटची क्रूझ बाहेर पडली आणि जीएमने कारखान्याला टाळं लावलं. क्रूझ तशी बरी गाडी होती, पण पन्नास वर्षांत गमावलेला विश्वास एका बऱ्या गाडीने परत येत नसतो. कंपन्या म्हणतात, लोकांना छोट्या गाड्या नकोच आहेत. अर्धसत्य आहे हे. अमेरिकेत सिव्हिक आणि कोरोला त्यानंतरही खपत राहिल्या. लोकांना ह्यांच्या छोट्या गाड्या नको होत्या.

ह्याचा एक धागा आपल्या दारात येतो. पुण्याजवळ तळेगावला जीएमने २००८ मध्ये कारखाना काढला, छोट्या गाड्यांसाठीच. स्पार्क आणि बीट तिथल्याच. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही. जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. आता ह्युंदाईची कुंडली बघा. १९८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत एक्सेल नावाची छोटी गाडी आणली, ४९९५ डॉलरला, आणि ती इतकी रद्दी निघाली की ती कंपनी विनोदाचा विषय झाली. म्हणजे भंगार काढायचा मान काही फक्त डेट्रॉईटचा नाही. पण १९९८ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी जाहीर केली. एवढी हमी दिल्यावर गाडी नीट बनवण्यावाचून पर्याय उरत नाही, नाहीतर कंपनीच बुडेल. एकाने गिऱ्हाईक सोडलं, दुसऱ्याने गिऱ्हाइकासाठी स्वतःची मान अडकवून घेतली. कारखाना कोणाकडून कोणाकडे गेला ते तळेगावच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

म्हणून म्हणतो, यादी काढून हसू नका आणि पॉलिश मारून गहिवरूही नका. हसण्याने दोष गाडीला चिकटतो, गहिवरण्याने तो धुतला जातो, आणि ज्यांनी अस्तर वगळायचा कागद सही केला ते दोन्ही वेळा सुटतात. पिंटो ‘वाईट गाडी’ नव्हती, व्हेगा ‘वाईट गाडी’ नव्हती. त्यांच्या मागे काही निर्णय होते, त्यांना तारखा होत्या, आणि ते घेणारी शिकलीसवरलेली, घरी जाऊन पोरांचा अभ्यास घेणारी माणसं होती.

आपणही वस्तू बनवतो. आपल्याकडे मोठा क्लायंट असतो, ज्याच्या फोनला सगळी टीम उभी राहते, आणि एक छोटा असतो, ज्याच्या कामाला बेंचवरचं कोणीतरी लावतात. आपल्या अ‍ॅपचा एक वापरणारा नव्या कोऱ्या फोनवर असतो आणि एक तीन वर्षं जुन्या, भेगा पडलेल्या फोनवर. दुसऱ्याच्या फोनवर अ‍ॅप बंद पडतं तेव्हा तिकीट कुठल्या खात्यात टाकतो आपण, ‘सुरक्षा’ की ‘सोय’? आपल्या भिंतीवर जो कानबान बोर्ड आहे तो टोयोटाच्या कारखान्यातूनच आलाय. बोर्ड आणला, रंगीत चिठ्ठ्या आणल्या, रोज सकाळी उभं राहून मीटिंग करायची पद्धत उचलली. ती दोरी आणली का? रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यात ज्युनिअर पोरीने ‘थांबा, हे चुकतंय’ म्हटलं तर लाईन थांबते का आपल्याकडे?

सोमवारी ऑफिसात गेलात की बघा, दोरी कुठे टांगलेली दिसते का ते.